मामाजींचा दिवा

“दार लावा जवाईबापू, ज्योत हलून राहिली,” मामाजी गाडीच्या आतून म्हणाले.

मी दार लावलं. काचा त्यांनी आधीच वर करून घेतल्या होत्या. बाहेर अकोल्यातला मे महिना, म्हणजे लिंबाच्या झाडाखाली उभं राहिलं तरी कानात झळा शिरणार. आणि माझे सासरे भास्करराव उमाळे बंद गाडीत, डॅशबोर्डखाली मान घालून, हातात पेटता दिवा धरून उताणे पडलेले. त्यात नवल काही नव्हतं. जुन्या गाडीच्या एसीतला गॅस नेमका कुठून गळतो हे शोधायची त्यांची तीच रीत होती.

तो दिवा आता कुठे बघायला मिळत नाही, म्हणून सांगून ठेवतो. वीतभर उंचीचा, पितळी, पोटात स्पिरिट, वर तांब्याची चकती आणि बाजूने निघालेली एक रबरी नळी. नळीचं तोंड एसीच्या एकेका जोडापाशी न्यायचं. जोड धड असला की ज्योत निळसर राहायची. गॅस गळत असला तर तो नळीतून ज्योतीत ओढला जायचा आणि ज्योत हिरवीगार व्हायची, कोवळ्या हरभऱ्यासारखी. मग एक उग्र वास सुटायचा, मामाजी खोकायचे, आणि खोकता खोकताच म्हणायचे, “सापडलं.” नागपूरला इस्माईलभाई नावाच्या उस्तादाकडे ते काम शिकले होते. निघताना उस्तादाने हा दिवा त्यांच्या हातात ठेवला होता. घरातली समई एक वेळ काजळलेली चालायची, पण या दिव्यावर कुणाचं बोट उमटलेलं त्यांना खपत नसे.

मी त्यांचा घरजावई. हा शब्द मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला मनातल्या मनात म्हणायला नको. मामाजींचा मुलगा शरद बँकेत लागला आणि रायपूरला गेला. हात काळे करायचं त्याने आधीच नाकारलं होतं. मी श्रीरामपूरचा, पुण्यात एका कार एसीच्या दुकानात नोकरीला. कुमुदशी लग्न झालं, आणि वर्षभरात मामाजींना छातीचा त्रास सुरू झाला. कुमुद म्हणाली, बाबांच्या हाताखाली कुणीतरी पाहिजे, आपण जाऊ. मला तिचं पटलं. खरं सांगायचं तर मला स्वतःचं म्हणावं असं दुकानही हवं होतं.

पण वऱ्हाडात जावयाला मान भारी, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. सकाळी मी पाना उचलला की मामाजी म्हणणार, “बसा ना जवाईबापू, तुमी कायले हात काळे करता?” मी बाकावर बसणार. चहा येणार. गिऱ्हाईक येणार, मामाजी त्याला सांगणार, “आमचे जवाई हायेत, पुन्याचे,” आणि गिऱ्हाईक मला नमस्कार घालणार. वर्ष होत आलं तरी मी त्या दुकानात पाहुणाच होतो. पुण्याहून एक लोखंडी पेटी आणली होती मी, नव्या गॅसच्या सामानाने भरलेली. मामाजींनी ती बाकाशेजारी ठेवली आणि तिच्यावर चहाचा ग्लास ठेवायला सुरुवात केली. झाकणावर ग्लासाची गोल वर्तुळं उमटली होती. पेटी मात्र कुणी उघडली नव्हती.

त्या सुमारास जुना गॅस बंद होत चालला होता. आकाशात वर कुठेतरी जो थर असतो, त्याला त्या गॅसने भोक पडतं म्हणून सरकारने तो हळूहळू काढून टाकायचं ठरवलं होतं. “अकोल्यातून पडलं काय एवढं मोठं भोक?” मामाजी विचारायचे. माल मिळेनासा झाला होता, भाव चढले होते. मामाजींनी खाटेखाली अर्धा सिलिंडर पोत्यात गुंडाळून ठेवला होता आणि दर सोमवारी उचलून बघायचे, कमी तर नाही ना झाला.

मग जुन्या गाड्यांत भरायचं काय? एक होता नवा गॅस. चांगला, पण त्याच्यासाठी एसी आतून बराच बदलावा लागायचा. आणि दुसरा होता मिक्स गॅस. तो म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. काही बदलायचं नाही, नुसता भरायचा. स्वस्त मिळायचा, आणि गार तर जुन्यापेक्षाही जास्त करायचा. फक्त पेटायचा. हायवेवरच्या कित्येक गॅरेजांत तो सर्रास भरत होते आणि गिऱ्हाइकाला सांगतही नव्हते. पुण्याला आमच्या शेठने पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती, की परकी गाडी हातात आली की आत काय भरलंय ते आधी विचारायचं, आणि नक्की कळेपर्यंत तिच्याजवळ आग न्यायची नाही.

मामाजींची सगळी विद्याच आग जवळ न्यायची होती.

तर त्या दिवशीची ती निळी गाडी वाशिमच्या भुईभार सरांची. निवृत्त मुख्याध्यापक, पांढरा सदरा, बोलणं स्वच्छ, व्याकरण शिकवल्यासारखं. त्यांची मुलगी अकोल्याच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. बाळ अपुऱ्या दिवसांचं. बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवल्यावर आता डॉक्टर घरी सोडणार होते. उद्या सुट्टी मिळेपर्यंत दुपार होणार, आणि वाशिमपर्यंतचा सगळा रस्ता उन्हाचा. डॉक्टरांनी सरांना बजावलं होतं, गाडी आतून गार असेल तरच न्या, नाहीतर राहू द्या इथेच. पण दवाखान्यातली खाट दुसऱ्या कुणाला हवी होती, आणि सरांचं अकोल्यात कुणी नव्हतं.

सर माझ्याशेजारी बाकावर बसले होते. मी त्यांना माठातलं पाणी दिलं.

“गेल्याच महिन्यात गॅस भरला हो,” सर म्हणाले. “आमच्या रस्त्यावरच एक गॅरेज आहे, तिथे. आणि काय गार करत होती गाडी. पूर्वी कधी केली नाही इतकी. आमच्या मंडळींना शाल घ्यावी लागायची.”

“जास्त गार?” मी विचारलं. “पूर्वीपेक्षा?”

“पुष्कळ.”

“बराच खर्च आला असेल.”

“छे, छे. नाममात्र. चहापाण्याला म्हणा.”

सरांनी भांडं तोंडाला लावलं. जुना गॅस त्या दिवसांत नाममात्र कुणी देत नव्हतं. गार जास्त आणि पैसे कमी, म्हणजे आत काय आहे ते मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. आणि तो गॅस गळत होता. बंद गाडीत गळत होता. आणि आत मामाजी पेटता दिवा घेऊन गळतीच शोधत होते.

मी गाडीकडे पळालो. दार उघडलं.

“मामाजी, बाहेर या.”

“थांबा ना, सापडतच हाय. दार लावा.”

“मामाजी, दिवा विझवा आधी.”

“अहो ज्योत हलून राहिली, सांगितलं ना तुमाले.”

पुढे जे केलं ते मी ठरवून केलं नाही. मी अर्धा आत शिरलो, त्यांच्या छातीवरून हात घातला आणि दिव्याची मान पकडली. पितळ किती तापलं असेल याचा विचार केला नव्हता. तळवा चर्रकन भाजला. दिवा तसाच ओढून मी मागे अंगणात भिरकावला. तो धुण्याच्या दगडावर आपटला, ठण्ण वाजला आणि धुळीत जाऊन पडला. मी धावत जाऊन त्याच्यावर पायाने माती लोटली.

मामाजी सावकाश बाहेर आले. उठून बसले, टोपी नीट केली, धोतर झटकलं. सर हातात भांडं धरून उभे होते. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते मातीतल्या दिव्याकडे बघत होते.

“उस्तादाचा दिवा हाय थो,” ते म्हणाले.

“माहीत आहे मामाजी.”

“मंग?”

मी सांगितलं. मिक्स गॅस, गार जास्त, पैसे कमी, सगळं. बोलताना मी एका हाताने भाजलेला हात दाबून धरला होता. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं.

“पेटते म्हणता?”

“पेटतो.”

“मंग पेटवून दाखवा.”

एवढंच म्हणाले. रागावले असते, चार शब्द बोलले असते, तर बरं वाटलं असतं. पण परक्या माणसासमोर जावयाला बोलायचं नाही ही त्यांची रीत, आणि ती त्यांनी तेव्हाही मोडली नाही. घमेल्यात साबणाचं पाणी त्यांनीच केलं. गाडीपासून लांब, अंगणाच्या कडेला ठेवलं. मी एसीला लांब नळी लावून तिचं दुसरं टोक घमेल्यात सोडलं आणि थोडा गॅस जाऊ दिला. बुडबुड्यांचा ढीग वर आला. कोळ्याची जाळी काढायच्या वेळूच्या टोकाला मी काडी बांधली, पेटवली, आणि सगळ्यांना मागे सरकायला सांगून लांबूनच बुडबुड्यात खुपसली.

काडी विझली.

दुसरी काडी. तीही विझली. साबणाचे फुगे एकेक करून फुटत राहिले आणि काहीच झालं नाही. तिसरी काडी मामाजींनी माझ्या हातातून घेतली, वेळू वगैरे काही नाही, सरळ घमेल्याजवळ बसून फुग्यात घातली. विझली. त्यांनी ती विझलेली काडी बाजूला ठेवली आणि उठले.

“साधा जुना गॅस हाय,” ते सरांना म्हणाले.

सर फार ओशाळले. “अहो, तो गॅरेजवाला म्हणजे माझा विद्यार्थी,” ते म्हणाले. “पैसे घ्यायलाच तयार नव्हता. मीच बळेबळे खिशात घातले. आणि गार म्हणाल तर… आम्ही तेव्हा पहाटे निघायचो. म्हणूनही वाटलं असेल.”

धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात, ते कशाला म्हणतात ते मला त्या अंगणात कळलं. मामाजींनी धुळीतून दिवा उचलला. धोतराच्या सोग्याने पुसला. पोटाला एका बाजूने चांगला पोचा आला होता. अंगठा फिरवून तो पोचा त्यांनी चाचपला. नळी परत बसवली, स्पिरिट घातलं, दिवा पेटवला आणि गाडीत शिरले.

“दार लावा,” ते म्हणाले.

मी दार लावलं आणि बाहेर उभा राहिलो. तळवा आता ठणकायला लागला होता, पण त्याचं काही वाटत नव्हतं. माझं इथलं संपलं होतं. आज कुमुदला सांगायचं की आपण पुण्याला परत जाऊ, असं मी मनात म्हटलं, आणि लगेच हेही कळलं की ती येणार नाही. बापाची छाती अशी असताना ती अकोला सोडणार नव्हती. म्हणजे एक तर मी एकट्याने जायचं, नाहीतर आयुष्यभर त्या बाकावर बसून गिऱ्हाइकांचे नमस्कार घ्यायचे. आणि आता गिऱ्हाइकं नमस्कार घालतानाही हसणार होती. अशा गोष्टी गावात फिरायला वेळ लागत नाही.

काचेवर टकटक झाली. मामाजी आतून हाताने बोलवत होते, पलीकडच्या दाराने या म्हणून.

मी स्टिअरिंगच्या बाजूने आत शिरलो आणि दार लावून घेतलं. आत भट्टी झाली होती. मामाजींनी नळीचं तोंड डॅशबोर्डखालच्या एका जोडाला लावलं होतं.

“पाहा,” ते म्हणाले.

ज्योत हिरवी होती. त्या अंधाऱ्या कोपऱ्यात, त्यांच्या घामेजल्या तोंडावर तो हिरवा उजेड पडला होता. वर्षभरात त्यांनी मला इतक्या जवळून ती कधी दाखवली नव्हती. मग वास सुटला आणि त्यांना खोकला आला, बराच वेळ थांबेना. मी दार उघडलं. त्यांनी दिवा फुंकून विझवला.

“सापडलं,” खोकला ओसरल्यावर ते म्हणाले. “जोडातली रबराची रिंग सुकली. आता सांगा, कोणता गॅस भरायचा?”

“मला विचारता?”

“मंग कोणाले इचारू? सरले?”

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांनी खरंच विचारलं होतं. वाट बघत होते.

“तुमच्याकडे अर्धा सिलिंडर आहे,” मी म्हणालो. “रिंग बदलून तो भरला तर गाडी लगेच तयार होईल.”

“हाव.”

“पण या गाडीच्या सगळ्याच रिंगा सुकल्या असणार. आज ही गळली, उद्या दुसरी गळेल. तेव्हा सरांना जुना गॅस कुठे मिळणार? मग कुणीतरी खरोखरच मिक्स भरून देईल. आणि गाडीत बाळ असेल.”

“अन् तुमचा नवा?”

“त्याला सगळं उघडावं लागेल. जुनं तेल काढायचं, रिंगा बदलायच्या, गॅस सुकवायची बाटली बदलायची. संध्याकाळ होईल. आणि जुन्याइतकं गार नाही होणार, थोडं कमीच. पण पेटत नाही आणि उद्याही मिळेल, परवाही मिळेल.”

“माहा दिवा हिरवा होते काय त्यानं?”

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. वर्षभर मी त्यालाच भीत होतो.

“नाही मामाजी. त्या गॅसने ज्योत निळीच राहते. जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडा बघायचा.”

मामाजी दिवा मांडीवर घेऊन बसले, तो निवेपर्यंत. मग म्हणाले, “आणा तुमची पेटी.”

पेटी आणायला गेलो तेव्हा मामीजींनी, म्हणजे सासूबाईंनी, माझा हात पाहिला. काय झालं विचारलं. मामाजी मागून म्हणाले, “गरम पायपाले लागला.” मामीजींनी कोरफडीचा गर लावून वर धडपं बांधलं आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात मामाजींना बोलल्या, की घरच्या जावयाला असं कामाला लावतात का, आणि तेही धोंड्याच्या महिन्यात. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला होता. अधिकात जावयाला बोलवून, गोडाधोडाचं जेवण घालून दिव्याचं वाण द्यायचं असतं. मी तर घरातच होतो, तरी मामीजींनी सराफाकडून चांदीचा छोटासा दिवा आणून ठेवला होता आणि दुसऱ्या दिवसाचा बेत केला होता.

उजवा हात बांधलेला, त्यामुळे मला पाना धरता येईना. मी सांगत गेलो आणि मामाजी करत गेले. जन्मभर जुन्या गॅसवर काम केलेला माणूस, पण एकदा ठरवल्यावर एकदाही तोंड वाकडं केलं नाही. पेटीतली एकेक रिंग हातावर घेऊन बघायचे, दाबायचे, उजेडात धरायचे. कॉम्प्रेसरमधलं तेल काढलं तेव्हा मात्र थांबले.

“तेल तं चांगलं दिसून राहिलं,” ते म्हणाले. “हे कायले फेकता?”

“नवा गॅस त्यात मिसळत नाही. तेल जागच्या जागी अडकून बसतं आणि कॉम्प्रेसर जळतो.”

“लयच नखरे बाप्पा तुमच्या गॅसचे.”

“त्याला ही जागा नवी आहे ना मामाजी,” मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं. मग नव्या तेलाची बाटली मागितली आणि पुन्हा कामाला लागले.

दिवेलागणीला गाडी चालू केली. मी प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावत गेलो आणि मामाजी चष्मा नाकावर ओढून बघत गेले. बुडबुडा कुठे आला नाही. आतल्या जाळीतून वारा यायला लागला, आधी कोमट, मग गार. मामाजींनी त्याच्यापुढे गाल धरला.

“कमी हाय जरा,” ते म्हणाले.

“हो.”

“पण हाय.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सर गाडी घेऊन दुकानासमोर थांबले. मागच्या सीटवर मुलगी होती आणि तिच्या मांडीवर टोपडं घातलेलं एवढंसं गाठोडं. सर उतरायला लागले तर मामाजींनी हातानेच थांबवलं, दार उघडू नका. मग त्यांनी मागच्या काचेवर बाहेरून तळहात ठेवला. काच गार होती. ते त्यांच्या तोंडावरून कळलं. आत सरांच्या मुलीने पदर थोडा बाजूला करून बाळाचं तोंड दाखवलं. मामाजींनी दोन बोटं कपाळाला लावली. गाडी पातूरच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.

मग घरी जेवायला आलो. मामीजींनी पाट मांडला होता, भोवती रांगोळी. पुरण भरून वाफवलेले धोंडे, अनारसे, वर तूप. कुमुद वाढत होती. मामीजींनी मला कुंकू लावलं आणि ताट पुढे केलं, त्यात तो चांदीचा दिवा. एवढ्यात मामाजी “थांब” म्हणून उठले आणि दुकानात गेले. आले तेव्हा हातात नव्या पांढऱ्या रुमालात काहीतरी गुंडाळलेलं होतं. रुमाल सोडला. त्यांचा पितळी दिवा होता. चिंच लावून घासलेला, लखलखीत. पोचा तेवढा तसाच होता.

“अवं, हे काय वाणात?” मामीजी म्हणाल्या. “मी चांदीचा आणला ना.”

“तुहाही दे. हाही घेऊ दे त्याइले.”

मग ते माझ्यासमोर खाली बसले, मांडी घालून.

“जवाईबापू, एक इचारतो. काल थो गॅस पेटनारच, असं तुमाले खरंच वाटून राहिलं होतं?”

“हो.”

“पक्कं?”

“अगदी पक्कं.”

“मंग पेटत्या दिव्यापाशी आत कायले आले?”

कालपासून मी हज्जार गोष्टींचा विचार केला होता. दिवा का फेकला, सरांसमोर का बोललो, सरांना आणखी चार प्रश्न का नाही विचारले. ही गोष्ट मनात आली नव्हती.

“बाहेरून हाक मारली होती,” मी म्हणालो. “तुम्ही थांबा म्हणालात.”

“मंग थांबायचं होतं.”

“कोणता गॅस?” मामीजी म्हणाल्या. “काय पेटनार होतं? अहो, हात पायपाले लागला ना?”

कुमुद तुपाची वाटी हातात घेऊन उभी राहिली होती.

“तुमच्या जागी मी असतो ना,” मामाजी म्हणाले, “तं आधी रस्त्यावर गेलो असतो. तिकडून मंग बोंबललो असतो. सख्ख्या बापासाठी आत शिरलो असतो का, हे मले अजूनही नाई सांगता येत. रातभर इचार केला. गॅस साधा निंघाला, ठीक हाय. पण तुमाले काय माईत थो साधा हाय?”

त्यांनी दिवा उचलला आणि माझ्या पुढ्यात धरला.

“घ्या. दोन्ही हातांनी घ्या, वाण हाय. तुमच्या नव्या गॅसले याचा काही उपेग नाई, मले समजते. तरी शिकवीन मी तुमाले चालवाले.”

मी बांधलेल्या हाताखाली दुसरा हात धरला आणि दिवा घेतला. मामाजींनी लगेच कुमुदला माझ्या ताटात आणखी एक धोंडा वाढायला सांगितला. मामीजी मात्र जेवण होईपर्यंत दर घासाला विचारत राहिल्या, की काल नेमकं झालं तरी काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर एक जुनी जीप दारात उभी होती. मामाजी बॉनेट उघडून आत वाकले. मी सवयीने जाऊन बाकावर बसलो आणि चहाची वाट बघू लागलो.

“बसून काय राहिले?” मामाजी बॉनेटच्या आतून म्हणाले. “पाना आणा.”

“हात भाजलाय मामाजी.”

“एकच भाजला ना?”